मालवणच्या पाण्यातली कोल्हापुरी रंगपट्टी

मित्रांनो, रंगाच्या दुकानात गेलात तर काउंटरवर छोट्या छोट्या चौकोनांची एक पट्टी लटकलेली दिसते. भिंतीला कोणता रंग शोभेल हे ठरवायला माणसं ती हातात घेऊन बघतात. मी त्याच जातीची. पण मी आजवर एकही भिंत रंगवून घेतलेली नाही. मी एक जुनी रंगपट्टी आहे, उचगावच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात जन्मलेली आणि समुद्राच्या तळाशी नोकरी केलेली. कोल्हापुरात जन्माला आलेल्या किती वस्तूंना असं म्हणता येईल, तुम्हीच सांगा.

माझी लांबी एक वीत. जाड पांढऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यावर सहा चौकोन, एका टोकाला भोक, आणि भोकातून ओवलेली नायलॉनची दोरी. पहिला चौकोन जवळजवळ पांढरा, दुसरा साईसारखा, तिसरा फिक्या चहाचा. पुढे रंग गडद होत जातो आणि सहावा चौकोन भाजलेल्या कॉफीच्या बियांसारखा तपकिरी. बस्स, एवढंच माझं रूप. पण या सहा चौकोनांसाठी मल्लाप्पांनी अकरा दिवस घालवले.

मल्लाप्पा म्हणजे डेंटिंग-पेंटिंगचे कारागीर. मूळ गाव गडहिंग्लजच्या पलीकडे, अगदी कर्नाटकाला लागून, त्यामुळे घरात निम्मं मराठी, निम्मं कन्नड. गेली बत्तीस वर्षं ते अपघातात चेमटलेल्या गाड्या सरळ करून त्यांना रंग देतात. गाडीचा एकच दरवाजा रंगवायचा असला, तर नवा रंग जुन्या रंगाशी असा मिळाला पाहिजे की जोड दिसता कामा नये. दहा वर्षं उन्हात तापलेल्या लाल गाडीचा लाल हा डब्यातला लाल नसतो. तो किती उडालाय, कुठल्या बाजूला झुकलाय, हे डोळ्यानं ओळखून थेंबाथेंबानं रंग मिसळावा लागतो. या कामात मल्लाप्पांचा हात धरणारा माणूस कोल्हापुरात नाही असं लोक म्हणत, आणि मल्लाप्पा ते खोडून काढत नसत.

त्यांची मुलगी वर्षाराणी. घरात सगळे तिला वर्षव्वा म्हणत. पंचगंगेत पोहायला शिकलेली ही मुलगी विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकली आणि पुढे मालवणच्या समुद्रातल्या प्रवाळांचा अभ्यास करू लागली. पाठीवर हवेची टाकी बांधून ती पाण्याखाली जाते हे कळलं, तेव्हा तिची आई चन्नम्मा आठ दिवस तिच्याशी धड बोलली नव्हती. मल्लाप्पांनी मात्र एकच विचारलं होतं, की खाली उजेड कसा असतो.

आता प्रवाळ म्हणजे काय ते सांगते, कारण बऱ्याच मुलांना तो दगडच वाटतो. प्रवाळ हे प्राणी असतात, तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान. हजारो जण एकत्र राहतात आणि स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतात. त्यांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शैवाल राहतं. ते उन्हात अन्न तयार करतं, त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं, आणि प्रवाळाला रंगही देतं. पाणी फार दिवस जास्त तापलं की दोघांचं बिनसतं. प्रवाळ त्या शैवालाला बाहेर काढतो. मग त्याच्या अंगातून आतला पांढरा चुना दिसू लागतो. तो लगेच मरत नाही, पण उपाशी पडतो. म्हणून प्रवाळाचा रंग बघणं म्हणजे त्याची नाडी बघणं. पट्टी त्याच्या शेजारी धरायची, कोणत्या चौकोनाशी रंग जुळतो ते बघायचं आणि आकडा लिहायचा.

वर्षाराणीच्या मार्गदर्शक संयोगिताबाईंकडे परदेशातून आलेली एकच छापील पट्टी उरली होती. दुसरी पाण्यात निसटली होती आणि नवी कधी येईल याचा भरवसा नव्हता. उरलेली पट्टी मूळ नमुना म्हणून कपाटात ठेवायची, ती समुद्रात न्यायची नाही, असं बाईंनी ठरवलं होतं. दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर होता. डुबकीचा हंगाम सुरू झाला होता. वर्षाराणीनं वडिलांना विचारलं, की अशीच पट्टी करून द्याल का.

मल्लाप्पांनी मूळ पट्टी हातात घेऊन बराच वेळ पाहिली. खोल पाण्यात लाल रंग हळूहळू दिसेनासा होतो, मग तिथं तपकिरी रंग कसा जुळवणार, अशी शंका वर्षाराणीनंच काढली. मल्लाप्पांना त्यात काही अवघड वाटलं नाही.

"पट्टीबी त्याच पाण्यात धरणार न्हवं का? मग दोघांचंबी सारखंच मरंल की," ते म्हणाले.

असा माझा जन्म झाला. आधी प्लास्टिक घासपेपरनं खरवडलं, मग प्राइमर, मग एकेका चौकोनाचा रंग. ओला रंग एक दिसतो आणि वाळलेला दुसरा, म्हणून प्रत्येक चौकोन वाळेपर्यंत थांबायचं आणि सकाळी दहाच्या उजेडात शटरबाहेर उभं राहून मूळ पट्टीशी ताडून बघायचं. कोणत्या रंगाचे किती थेंब पडले हे मल्लाप्पा एका वहीत लिहीत गेले. सहावा चौकोन पाच वेळा खरवडला. शेवटी वरून चमक न येणारा पारदर्शक थर मारला आणि मला बादलीभर मिठाच्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवलं. मी बाहेर आले तेव्हा जशीच्या तशी होते. मल्लाप्पांनी मला वर्षाराणीच्या हातात दिलं. त्याआधी गॅरेजात बसलेल्या दोन गिऱ्हाइकांना त्यांनी मला उलटसुलट करून दाखवलं होतं, ते मला पक्कं आठवतं.

गगनबावड्याच्या घाटातून एसटीनं मी मालवणला गेले. किनाऱ्यापासून अर्ध्या तासावर दोन खडक होते. एक उथळ, दुसरा त्याच्या पलीकडे खोल. दोन्ही खडकांवर मिळून चाळीस प्रवाळांवर वर्षाराणीनं क्रमांकांच्या खुणा लावल्या होत्या. बोट गुंडू नावाच्या मालवणी माणसाची. तो आधी मासे धरायचा, आता पर्यटकांनाही पाण्याखालचं दाखवायला न्यायचा. त्यानं मला बघितलं आणि ही कुठल्या कंपनीची असं विचारलं. वर्षाराणी म्हणाली, "आमच्या आप्पांची."

मित्रांनो, पहिल्या डुबकीचं वर्णन मी कितीही केलं तरी अपुरंच पडेल. हिरवट पाण्यात वर्षाराणीनं मला एका प्रवाळाशेजारी धरलं आणि माझा पाचवा चौकोन त्याच्याशी असा मिळाला की जोड दिसेना. गॅरेजात ज्या मिळण्यासाठी मल्लाप्पा जीव टाकत, ते मी समुद्राच्या तळाशी करत होते. पिवळ्या पट्ट्यांचे मासे जोडीजोडीनं येत आणि प्रवाळाला टोचा मारून जात. कपारीत शेवंड, म्हणजे मोठ्या कोळंबीसारखा प्राणी, मिशा हलवत बसलेली असे. एक थोराड गोबरा मासा रोज येऊन माझ्याकडे रागानं बघायचा, जणू मी त्याच्या घराची मोजणी करायला आलेय. खडकाच्या आडोशाला इतकी लहान पिल्लं असत की ती पाण्यातली धूळच वाटायची. गुंडू सांगायचा, की बाजारात येणारी पुष्कळ मासळी लहानपणी या खडकांच्या आडोशाला वाढते. म्हणजे कोल्हापुरात पाहुणे आले की ज्या माशाचं कालवण होतं, त्यातल्या कुणाचं बालपण मी बघत होते.

नोव्हेंबर ते जानेवारी माझे आकडे चार, पाच, पाच, चार असे येत राहिले. संयोगिताबाईंनी वर्गात मला सगळ्यांसमोर धरून कौतुक केलं. मी फुशारले होते. नंतर जे झालं ते समजायला माझी ही फुशारकी तुम्हाला माहीत हवी.

मार्चमध्ये पाणी तापू लागलं. दर उन्हाळ्यात तापतं, पण या वेळी ते थांबेना. वर्षाराणीच्या मनगटावर पाण्याचं तापमान दाखवणारं घड्याळ होतं. एप्रिलच्या मध्यावर ते नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा दीड अंश वर गेलं आणि तिथंच बसलं. आपल्याला दीड अंश म्हणजे काहीच वाटत नाही. पण तुमच्या अंगात दीड अंश ताप आठवडाभर राहिला तर आई काय करील? गुंडूनं एकदा बोटीतून हात पाण्यात घातला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला.

"माझ्या बापाशीन असला पाणी कधी बघूक नाय," तो म्हणाला.

उथळ खडकावरचे प्रवाळ पांढरे पडायला लागले. ज्यांच्याशी माझा पाचवा चौकोन जुळायचा, त्यांच्याशी आता पहिला जुळू लागला. पिवळ्या पट्ट्यांचे मासे कमी झाले, गोबरा एक दिवस आला नाही आणि परत कधीच आला नाही. वर्षाराणी पाण्याखाली आकडे लिहायची आणि वर आल्यावर मास्क काढून ते मागच्या आकड्यांशी ताडून बघायची. त्यातल्या त्यात समाधान एवढंच होतं की खोल खडक टिकून होता. तिथले आकडे मार्चपासून तीनवर आले होते खरे, पण तिथून खाली जात नव्हते. तीन, तीन, पुन्हा तीन. खोल पाण्यात प्रवाळ वाचतील असं तिनं वहीत लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मालवणला एक बैठक होणार होती. बोटवाले, मच्छीमार आणि सरकारी अधिकारी यांची ती समिती होती. अशक्त झालेल्या प्रवाळांवर बोटींचे नांगर पडू नयेत म्हणून कोणता भाग बंद ठेवायचा, हे तिथं ठरणार होतं. पाणी गार करणं कोणा समितीच्या हातात नव्हतं, पण आजाऱ्याला निदान धक्के बसू नयेत एवढं तरी करता येणार होतं. वर्षाराणीचा अहवाल हाच त्या बैठकीचा आधार होता. उथळ खडक बंद करा आणि खोल खडक पर्यटनाला चालू राहू दे, असं तिनं त्यात लिहिलं होतं. बोटवाल्यांनाही ते परवडणारं होतं.

मेच्या मध्यावर ती कोल्हापूरला आली. शिरस्त्याप्रमाणे संयोगिताबाईंनी कपाटातली मूळ पट्टी काढली, मला तिच्याशेजारी टेबलावर ठेवलं आणि वरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात सहाही चौकोन ताडून पाहिले. मी नीट होते. त्यांनी अहवालावर सही केली.

तिथंच गोष्ट संपली असती. पण वर्षाराणी घरी जाताना गॅरेजात थांबली आणि मला वडिलांपुढे ठेवून म्हणाली, की बघा, सात महिने समुद्रात राहून आलीय. मल्लाप्पांनी हात पुसले, मला उचललं आणि सवयीनं शटरबाहेर आले. सकाळचे दहा वाजले होते. त्यांनी मला जवळ धरलं, लांब धरलं, तिरकं केलं. मग आत जाऊन वही काढली आणि एका वाटीत रंगाचे थेंब मोजू लागले. वर्षाराणीला वाटलं, दुसरी पट्टी करायची हौस आलीय. पत्र्याच्या तुकड्यावर लावलेला तो रंग वाळेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. वाळल्यावर तो तुकडा माझ्या तिसऱ्या चौकोनाला लावला.

"तीन नंबर उडालाय, वर्षव्वा," ते म्हणाले. "अर्धं घर खाली आलाय."

मी त्यांच्या हातात होते. त्यांचा अंगठा माझ्या त्याच चौकोनावर टेकला होता, तो फिका होऊन दुसऱ्या चौकोनाकडे अर्धा सरकला होता.

वर्षाराणी म्हणाली, की बाईंनी सकाळीच तपासलंय, सहीसुद्धा झालीय. मल्लाप्पांनी विचारलं, कुठं तपासलं. ती म्हणाली, त्यांच्या खोलीत.

"तर मग अजून कुणी बघितलंच न्हाय," मल्लाप्पा म्हणाले.

मग त्यांनी खरं कारण सांगितलं. तिसऱ्या चौकोनाच्या वेळी त्यांचा नेहमीचा पिवळा रंग संपला होता. शेजारच्या गॅरेजातून आणलेला पिवळा त्यांनी वापरला होता. वहीत तसं लिहिलेलंही होतं. मिठाला तो टिकला, पण उन्हाला टिकला नाही. आणि डुबकी झाली की मला बोटीच्या फळीवर उन्हात वाळत टाकायची वर्षाराणीची सवय होती. बत्तीस वर्षांत आपला रंग उडाला असं मल्लाप्पांना कुणी म्हटलं नव्हतं. आता ते स्वतःच म्हणत होते, आणि तेही स्वतःच्या मुलीला.

वर्षाराणी पायरीवर बसली. सगळं तिच्या ध्यानात आलं. खोल खडकावर आकडा तीनवर थांबला होता, कारण प्रवाळ थांबलेच नव्हते. प्रवाळ फिके होत होते आणि त्यांच्याबरोबर माझा तिसरा चौकोनही फिका होत होता. मित्रांनो, आम्ही दोघं हातात हात घालून उडत होतो, म्हणून कुणाला कळलं नाही. इतकी शरम मला पुन्हा कधी वाटली नाही.

चन्नम्मा जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकलं आणि व्यवहाराचं विचारलं. बाईंना दिसलं नाही, समितीला दिसणार नाही, तर आता हे कुणाला सांगायचं अडलंय का? तिचंही चुकलं नव्हतं. मुलीचं सात महिन्यांचं काम तिला डोळ्यासमोर वाया जाताना दिसत होतं. वर्षाराणीनं वडिलांकडे पाहिलं. मल्लाप्पा डबा बाजूला सरकवून म्हणाले, "गाडी गिऱ्हाइकाची असती, पण रंग माझा असतोय. उडाला तर मीच सांगायला पायजे. उठ, बाईंच्याकडं जाऊया."

विद्यापीठात मल्लाप्पा पहिल्यांदाच गेले. हाताला रंग तसाच होता. संयोगिताबाईंना त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाले, की बाई, रंग दिव्याखाली बघायचा नसतोय, जरा बाहेर चला. बाईंनी मूळ पट्टी घेतली आणि त्या व्हरांड्याच्या कडेला उन्हात आल्या. मल्लाप्पांनी त्यांना कसं उभं राहायचं ते दाखवलं, सूर्य पाठीशी घेऊन, पट्ट्या थोड्या तिरप्या धरून. बाई बघत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा बघितलं.

"वीस वर्षं मी हे खोलीत बसून करतेय," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी अहवाल मागे घेतला, आणि मागच्या नोंदींतल्या प्रत्येक तीनभोवती वर्षाराणीनं लाल पेनानं गोल केला. एकशे सत्तावीस गोल झाले.

आता वेळ थोडा होता. मेअखेर बोटी किनाऱ्यावर ओढून घेतात, त्यानंतर पावसाळा सरेपर्यंत समुद्र बंद. मल्लाप्पांनी चार दिवसांत नवी पट्टी केली. या वेळी सगळे रंग स्वतःच्या डब्यातले. आणि ती घेऊन ते स्वतः मालवणला निघाले. गॅरेजला कुलूप लागलं. एका गिऱ्हाइकानं फोनवर आरडाओरडा केला तेव्हा मल्लाप्पांनी त्याला सांगितलं, की पावणं, तुमची गाडी आठ दिवस थांबंल, हे थांबत न्हाय.

मला वाटलं होतं मी आता घरीच राहणार. पण वर्षाराणीनं मलाही घेतलं. नवी पट्टी खरा आकडा सांगणार होती, आणि मी किती चुकत होते हे कळायला शेजारी मीही लागणार होते. आपली चूक मोजण्याचं काम आपल्यालाच मिळावं, हा मान मला मिळाला असं मी आज समजते.

समुद्र खवळायला लागला होता. पहिल्याच दिवशी मल्लाप्पांना बोट लागली. पोटात काही राहीना. तरी वही त्यांनी सोडली नाही. वर्षाराणी वर येऊन आकडे सांगायची, नवी अडीच, जुनी तीन, नवी सव्वादोन, जुनी अडीच, आणि ते ओकारी आवरत लिहायचे. दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी वारा थोडा पडला तेव्हा गुंडूनं त्यांच्या तोंडावर मास्क बसवला, कमरेला दोरी बांधली आणि बोटीच्या कडेवरून तोंड पाण्यात घालायला सांगितलं. खाली उथळ खडक होता. मल्लाप्पा बराच वेळ तसेच ओणवे राहिले. गुंडू घाबरून दोरी ओढणार एवढ्यात ते वर आले.

त्यांनी मास्क काढला. डोळे लाल झाले होते, पण ते खाऱ्या पाण्यानं असावेत.

"पुट्टी मारून ठेवलेल्या गाड्यांगत दिसत्यात," ते म्हणाले. चेमटलेला पत्रा सरळ केल्यावर रंगाच्या आधी त्यावर जी पांढरट पुट्टी मारतात, तिच्याविषयी ते बोलत होते. गुंडूनं विचारलं, म्हणजे संपलंच ना सगळं? मल्लाप्पांनी मान हलवली.

"पुट्टी मारलेली गाडी मेलेली नसतीया, गुंडू. तिचा रंग बाकी हाय."

वर्षाराणी शिडीला धरून पाण्यातच होती. पांढरा पडलेला प्रवाळ जिवंत असतो, उपाशी असतो, त्याला उसंत मिळाली तर तो परत येऊ शकतो, हे ती दोन वर्षं पुस्तकांतून वाचत आली होती. बैठकीत ते लोकांना कसं समजावून सांगायचं हे तिला सुचत नव्हतं. आता सुचलं.

बैठकीत तिनं आधी माझी चूक सांगितली. मला हातात उंच धरलं, तिसरा चौकोन दाखवला आणि आपला पहिला निष्कर्ष चुकीचा होता असं म्हणाली. खोल खडकही आजारी होता, आणि आपल्याला वाटत होतं त्याच्या कितीतरी आधीपासून. एक बोटवाला म्हणाला, की जी पट्टी एकदा चुकली तिच्या बहिणीवर आम्ही विश्वास का ठेवायचा? त्याचं उत्तर गुंडूनं दिलं. तो म्हणाला, की चुकलो असं स्वतः सांगायला घाटावरून आलेली माणसं त्यानं तरी अजून बघितली नव्हती, आणि तो त्यांच्यावरच विश्वास ठेवणार. मग वर्षाराणीनं पुट्टीची गोष्ट सांगितली. वादावादी संध्याकाळपर्यंत चालली. शेवटी दोन्ही खडकांवर दोन हंगाम नांगर टाकायचा नाही असं ठरलं. बोटी बांधायला तरंगते बोये सोडायचे, आणि ते सोडायचं काम बोटवाल्यांनीच अंगावर घेतलं.

पाऊस आला. पाणी गार झालं. चार महिने आम्हाला काही कळायला मार्ग नव्हता. ऑक्टोबरात पहिल्या डुबकीला वर्षाराणीनं नव्या पट्टीबरोबर मलाही मनगटाला बांधलं.

चाळीस प्रवाळांपैकी अकरा मेले होते. त्यांच्यावर करडं शेवाळ चढलं होतं आणि त्यांच्याशी जुळणारा चौकोन आम्हा दोघींपैकी कुणाकडेच नव्हता. नऊ जण अजून फिके होते. आणि वीस जण रंगावर आले होते. नव्या पट्टीचा चौथा चौकोन त्यांच्याशी जुळला, एका ठिकाणी तर पाचवा. त्या वीसपैकी तेरा खोल खडकावरचे होते, जो खडक माझ्या चुकीमुळे उघडा राहणार होता. वर्षाराणी वर आली आणि तिनं पहिला फोन गॅरेजात लावला. मल्लाप्पा गाडीखाली होते. चन्नम्मानं फोन उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला ओरडून सांगितलं, की तुमच्या वीस गाड्या रंगून तयार झाल्या.

आता मी समुद्रात जात नाही. वर्षाराणी मला पिशवीत घालून शाळाशाळांतून फिरते. परवा इचलकरंजीच्या शाळेत एका मुलीनं विचारलं, की समुद्र इथून इतका लांब, मग तिथलं पाणी आपण कसं तापवलं? वर्षाराणीनं तिला सोपं करून सांगितलं, की गाड्यांचा, कारखान्यांचा, विजेसाठी जाळलेल्या कोळशाचा धूर वर जातो, तो उष्णता धरून ठेवतो, आणि त्या उष्णतेतला सगळ्यात मोठा वाटा समुद्र आपल्या पोटात घेतो. धुराला घाट लागत नाही. एकट्यानं काय होणार असंही त्या मुलीनं विचारलं. त्यावर वर्षाराणीनं खरं तेच सांगितलं, की एकट्यानं फार होत नाही, पण सुरुवात दुसऱ्या कुणी करून दिलेली तिनं अजून पाहिलेली नाही.

मल्लाप्पांनी त्यांच्या परीनं सुरुवात केलीय. काळा धूर सोडणारी गाडी रंगाला आली की ते तिला हात लावत नाहीत. आधी इंजिन नीट कर, मग ये, असं तोंडावर सांगतात. दोनचार गिऱ्हाइकं रागावून गेली. बाकीची इंजिन नीट करून आली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या पट्टीचं एवढंच मागणं आहे. तुमची नदी, तुमचं झाड, तुमच्या अंगणात येणारा पक्षी, ज्याच्यावर तुमचा जीव आहे ते अधूनमधून उजेडात नेऊन नीट बघा. आपणही बरोबर बदलत असतो, म्हणून त्याचं फिकं पडणं आपल्याला दिसत नाही. आणि दिसलं तर लपवू नका, चूक तुमची असली तरी. माझा तिसरा चौकोन मल्लाप्पांनी पुन्हा रंगवून द्यायची तयारी दाखवली होती. वर्षाराणी नको म्हणाली. शाळेत मुलं मला हातात घेतात तेव्हा ती त्या उडालेल्या चौकोनावरच बोट ठेवते, आणि माझी मान ताठ होते.